अकरा वर्षांच्या मुलीसाठी घडीची स्कूटर: चाक आणि सांधा आधी पाहा

अमळनेरच्या एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला अकरा वर्षे पूर्ण झाली आहेत, उंची १४६ सेंमी आणि वजन ३८ किलो आहे. शिकवणी घरापासून दीड किलोमीटरवर आहे. घर तिसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही, आणि खाली सायकल ठेवण्यासारखी सुरक्षित जागाही नाही. म्हणून पायाने ढकलायची, घडी होणारी स्कूटर घ्यायचे ठरले आहे आणि सहा हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. दुकानात तीन प्रकार दाखवले गेले: पहिली १२५ मिमी चाकांची, चाकांत दिवे लागणारी; दुसरी पुढे स्प्रिंग आणि हाताचा ब्रेक असलेली; आणि तिसरी अगदी साधी दिसणारी, २०० मिमी चाकांची. यांतली कोणती घ्यावी आणि ती मुलगी दहावीत जाईपर्यंत पुरेल का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर तिसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे, मात्र त्या स्कूटरचा घडीचा सांधा पुढे सांगितलेल्या तपासणीत उतरला तरच. जळगावात सायकलींची विक्री आणि दुरुस्ती हाच माझा व्यवसाय असल्याने या स्कूटरीही आता नेमाने हाताखालून जातात, आणि त्यांचे दुखणे बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असते: चाकात आणि घडीच्या सांध्यात. दिवे बंद पडले किंवा रंग उडाला म्हणून कोणी मूल स्कूटर चालवायचे सोडत नाही. चाक अडखळू लागले आणि हँडल खुळखुळू लागले की मात्र ती माळ्यावर जाते. त्यामुळे पैशाचा पहिला वाटा या दोन गोष्टींना द्यावा आणि उरलेल्यात बाकीचे बसवावे.

खोक्यावर छापलेल्या वयाकडे फारसे लक्ष देऊ नका. ‘आठ वर्षांपुढील’ या शब्दांतून स्कूटर किती भार पेलते हे कळत नाही. युरोपात अशा स्कूटरसाठी ईएन १४६१९ हे मानक आहे आणि त्यात दोन वर्ग केलेले आहेत: ‘ए’ वर्ग ३५ ते १०० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी आणि ‘बी’ वर्ग २० ते ५० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी. आपली मुलगी ३८ किलोंची, म्हणजे दोन्ही वर्गांत बसणारी आहे, आणि खरेदी चुकते ती नेमकी याच वजनाच्या मुलांच्या बाबतीत. दुकानदार ‘बी’ वर्गाची स्कूटर दाखवतो, ती हलकी असते, स्वस्त असते, मुलीला लगेच जमते आणि सगळे खूश होतात. पण बारा ते पंधरा या वयात मुलींचे वजन दहा-बारा किलोंनी सहज वाढते आणि त्यात पाठीवरच्या दप्तराचे चार-पाच किलो मिळवले की ५० किलोंची मर्यादा दोन वर्षांतच गाठली जाते. ‘ए’ वर्गाची स्कूटर आजही तिच्या वजनाला चालते आणि पुढेही चालेल. हा वर्ग आणि कमाल भार बहुधा पाय ठेवायच्या फळीच्या खालच्या बाजूला, चिकटपट्टीवर किंवा माहितीपत्रकात छापलेला असतो. जिथे यांपैकी काहीच छापलेले नाही, तिथे दुकानदाराच्या तोंडी हमीवर विसंबू नये.

आपल्याकडे १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. घरात धाकटे भावंड असेल आणि त्याच्यासाठी तीनचाकी किंवा छोटी स्कूटर घेणार असाल, तर ते चिन्ह जरूर पाहा. मात्र ते चिन्ह वस्तू खेळणे म्हणून सुरक्षित असल्याचे सांगते. रोज तीन किलोमीटर रस्त्यावर धावण्यासाठी ती बनवली आहे असे ते सांगत नाही, आणि आपल्या मुलीची गरज दुसऱ्या प्रकारातली आहे.

इथे थोडा इतिहास सांगितला तर माझा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. ॲल्युमिनियमची, घडी होणारी छोटी स्कूटर आज जशी दिसते तशी विम औबोटर या स्विस गृहस्थांनी १९९० च्या दशकात घडवली. झुरिकमध्ये आपल्या आवडत्या सॉसेजच्या दुकानापर्यंतचे अंतर त्यांना पायी जायला जास्त आणि सायकल बाहेर काढायला कमी वाटत असे, आणि त्यातून ही कल्पना निघाली असे ते स्वतः सांगत आले आहेत. इसवी सन २००० च्या सुमारास तिची जगभर लाट आली आणि तेव्हापासून ती मुलांचे खेळणे म्हणून ओळखली जाऊ लागली. मूळ गरज मात्र मोठ्या माणसाची होती: थोडे अंतर जायचे आणि पोचल्यावर वाहन उचलून आत घ्यायचे. आपल्या मुलीची गरज अगदी तीच असल्यामुळे लहान मुलांच्या स्कूटरचा मोठा नमुना न घेता मोठ्यांचीच स्कूटर, हँडल खाली घेऊन, तिला द्यावी.

आता चाक. २०० मिमी चाक हे केवळ दिसायला मोठे असते असे नाही, खड्याशी गाठ पडल्यावर त्याचा फरक कळतो. रस्त्यावर २० मिमी उंचीचा, जागचा न हलणारा खडा आहे असे धरा. त्यावर चढण्यासाठी १०० मिमी व्यासाच्या कडक चाकाला, त्या चाकावर असलेल्या भाराच्या सुमारे १.३ पट जोर आडवा लागतो. १२५ मिमी चाकाला भाराइतकाच, किंचित जास्त, म्हणजे १.१ पटीच्या आसपास, आणि २०० मिमी चाकाला पाऊणपट पुरतो. हे साधे त्रिकोणमितीचे गणित आहे, दहावीचा विद्यार्थी ते मांडून पाहू शकेल. व्यवहारात याचा अर्थ असा, की ज्या खड्यावर लहान चाक जागीच थांबते आणि मुलगी हँडलवरून पुढे फेकली जाते, त्याच खड्यावरून मोठे चाक धक्का देऊन का होईना, पार होते. पुढचे चाक एकाएकी अडणे हेच अशा स्कूटरवरून पडण्याचे मोठे कारण आहे, आणि पडणारा नेहमी पुढेच पडतो, त्यामुळे मार मनगटाला आणि हनुवटीला बसतो.

आपल्या भागातले रस्ते डोळ्यांपुढे आणले की हा मुद्दा आणखी पटेल. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, दीपनगरला किंवा वरणगावच्या कारखान्याच्या वसाहतीत रस्ते रुंद आहेत आणि रहदारी बेताची आहे, तिथे १२५ मिमी चाकही निभावून जाईल. जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला सकाळी फिरणाऱ्यांसोबत मुले स्कूटर चालवतात, तिथेही काही अडचण नाही. पण तालुक्याच्या गावात गल्लीतला काँक्रीटचा रस्ता संपतो, पुढे नळजोडणीसाठी आडवा खणून नुसत्या मुरमाने बुजवलेला चर येतो, मग पेव्हर ब्लॉक आणि शेवटी खडी उघडी पडलेले डांबर. अशा दीड किलोमीटरमध्ये चाकाची कसोटी दहा ठिकाणी लागते. आपण एकदा त्या वाटेने पायी जाऊन, मान खाली घालून, नुसता रस्ता पाहून या. अर्ध्याहून अधिक वाट उखडलेली असेल तर कोणत्याच स्कूटरचा उपयोग होणार नाही, आणि मग सायकल कुठे ठेवता येईल याचाच विचार पुन्हा करावा लागेल.

मोठ्या चाकाचा दुसरा फायदा बेअरिंगला होतो. ताशी १२ किलोमीटर वेगाने जाताना १०० मिमी चाक मिनिटाला साधारण ६४० फेरे घेते, तर २०० मिमी चाक त्याच्या निम्मे. एका ढकलण्यात मोठे चाक अधिक लांब जाते, रस्त्याची खरखर पायाला कमी लागते आणि दीड किलोमीटरनंतर पोटऱ्या भरून येत नाहीत. तोटाही आहे: मोठ्या चाकांची स्कूटर लांब आणि जड होते. ही किंमत आपल्या तिसऱ्या मजल्याला मोजावी लागेल, त्याबद्दल पुढे सांगतो.

चाकावरचे आवरण पॉलियुरेथेनचे, म्हणजे बोलीभाषेत ‘पीयू’चे असते आणि त्याचा कडकपणा ७८ए, ८२ए, ८५ए अशा आकड्यांत दिलेला असतो. आकडा जितका कमी तितके आवरण मऊ. आपल्या खरखरीत रस्त्यांना ८० च्या आसपासचे मऊ आवरण बरे पडते. ते थोडे लवकर झिजेल, पण हात झिणझिणणार नाहीत. हवेची चाके दिसायला मोहक आणि चालायला सुखद असतात, पण बाभळीचा काटा आपल्याकडे कुठे नाही? शिवाय त्या मापाची ट्यूब तालुक्याला मिळण्याची शाश्वती नसते, त्यामुळे रोजच्या वापरासाठी मी ती सुचवत नाही. दिव्यांच्या चाकांविषयी एवढेच, की ते दिवे स्कूटर कोणाला तरी दिसावी यासाठी पुरेसे नाहीत आणि अंधारात मुलीने रस्त्यावर असूही नये.

बेअरिंगवर ‘एबेक ७’, ‘एबेक ९’ असे मोठ्या अक्षरांत छापून पैसे वाढवले जातात. एबेक हा आकडा बेअरिंगच्या मापातील अचूकपणाचा आहे. ते किती भार पेलते, किती टिकते किंवा त्यात धूळ जाते की नाही, यांतले काहीही तो सांगत नाही. काळ्या मातीची बारीक धूळ उडणाऱ्या आपल्या मुलखात एबेक ९ पेक्षा साधे, पण दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले बेअरिंग केव्हाही चांगले. अशा बेअरिंगवर ‘२आरएस’ अशी खूण असते, आणि ‘झेडझेड’ असेल तर झाकण पत्र्याचे असते. पत्र्याच्या कडेने धूळ आत जाते, रबराच्या कडेने ती बरीच अडते. सुदैवाने बहुतेक सगळ्या स्कूटरमध्ये ६०८ क्रमांकाचेच बेअरिंग असते, आतला व्यास ८ मिमी, बाहेरचा २२ आणि जाडी ७ मिमी. हेच माप विजेच्या अनेक लहान मोटारींत आणि हातयंत्रांत वापरले जात असल्याने ते बेअरिंगच्या कोणत्याही दुकानात मिळते. ज्या स्कूटरमध्ये याहून वेगळे माप आहे, ती घेण्याआधी बदली बेअरिंग कुठून आणणार हे विचारून घ्या.

प्रत्येक चाकात अशी दोन बेअरिंग असतात आणि त्यांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढी एक धातूची नळी असते, तिला स्पेसर म्हणतात. ही नळी नसेल तर बाहेरून एक्सल, म्हणजे चाकाचा आस, आवळला की दोन्ही बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्यांवर आडवा दाब येतो आणि चाक जड फिरू लागते. मग ते हलके व्हावे म्हणून कोणीतरी नट सैल करतो, आणि सैल नटावर मूल रस्त्यावर जाते. दुकानात ही गोष्ट ओळखणे सोपे आहे: स्कूटर उचलून चाक बोटाने फिरवा, ते आवाज न करता बराच वेळ फिरून हळूहळू थांबले पाहिजे, आणि त्याच वेळी चाक दोन्ही कडांना धरून डावी-उजवीकडे हलवले तर ते हलता कामा नये. हलके फिरते पण डुगडुगते, किंवा डुगडुगत नाही पण अडखळते, अशी दोन्ही लक्षणे बहुधा स्पेसर नसल्याची किंवा चुकीच्या मापाचा असल्याची असतात.

घडीच्या सांध्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आपणही घालवावा. हँडलची उभी नळी आणि पायाची फळी जिथे जोडली जाते तिथे हा सांधा असतो, आणि स्कूटरवरचा प्रत्येक धक्का, प्रत्येक ढकलणे, प्रत्येक ब्रेक त्यातूनच जातो. काही स्कूटरमध्ये तो लिव्हर आवळून बंद होतो, काहींत स्प्रिंगची पिन खाचेत बसते, काहींत पायाने दाबायची कळ असते. प्रकार कोणताही असो, मला त्यात तीन गोष्टी हव्या असतात. उघडण्यासाठी दोन वेगवेगळ्या क्रिया कराव्या लागाव्यात, म्हणजे चुकून लिव्हरला पाय लागला तरी सांधा कोसळणार नाही. बंद झाल्यावर तो बंद झाला आहे हे डोळ्यांना दिसावे किंवा ‘कट्’ असे ऐकू यावे. आणि त्याचे बोल्ट बाहेरून, साध्या एलन-कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने, आवळता यावेत. रिव्हेट ठोकून कायमचा बंद केलेला सांधा एकदा सैल झाला की त्यावर आमच्याकडे उपाय नाही.

तपासणी अशी करा. स्कूटर उघडून सांधा पक्का बंद करा, पुढच्या चाकापुढे आपल्या बुटाचे टोक टेकवा आणि हँडलची मूठ धरून ती मागे-पुढे जोराने हलवा. त्याच वेळी दुसऱ्या हाताचे बोट सांध्याच्या फटीवर, अर्धे एका भागावर आणि अर्धे दुसऱ्या भागावर राहील असे ठेवा. डोळ्यांना न दिसणारा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बोटाला लगेच कळतो, कारण दोन भागांमध्ये केसभर सरकणे बोटाखाली टिचल्यासारखे जाणवते. बोटाखाली हालचाल नाही, पण हँडल तरीही हलते आहे, असे असेल तर बोट वर सरकवून हँडलच्या बेअरिंगवर, म्हणजे जिथे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची नळी आत शिरते तिथे ठेवा. तिथला प्ले आवळून जातो आणि तो मोठा दोष नाही. सांध्यातला प्ले नव्या स्कूटरमध्येच असेल तर ती परत ठेवा, कारण तो वापराने वाढतच जाईल. दुकानदार ‘चालवल्यावर बसेल’ असे म्हणेल. तो बसत नाही.

मुलांची बोटे अशा सांध्यात चिमटतात, हेही लक्षात असू द्या. खेळण्यांच्या सुरक्षा मानकांत बिजागरीच्या फटीबद्दल नियमच आहे, की तिच्यात ५ मिमीची कांडी जात असेल तर १२ मिमीचीही गेली पाहिजे. म्हणजे फट एक तर बोट न जाण्याइतकी अरुंद असावी, किंवा बोट न अडकण्याइतकी रुंद. मोठ्यांच्या स्कूटरवर हा नियम लागू असेलच असे नाही, पण पेन्सिल आणि करंगळी घेऊन आपण स्वतः अंदाज घेऊ शकता. घडी करायला मुलीलाच सांगा आणि तिचा दुसरा हात त्या वेळी आपसूक कुठे जातो ते पाहा. घरी धाकटे भावंड असेल तर घडी त्याच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्था करा.

घडी झालेली स्कूटर उचलण्याचा प्रश्न आपल्या बाबतीत रोजचा आहे. २०० मिमी चाकांच्या स्कूटरचे वजन साडेचार ते साडेपाच किलो भरते. त्यात दप्तर मिळवले की ३८ किलोंची मुलगी रोज नऊ-दहा किलो घेऊन तीन जिने चढणार. तिला ते जमेल, पण स्कूटर घडीत असतानाही अडकून राहिली पाहिजे, म्हणजे हँडलच्या नळीवरचा हूक मागच्या मडगार्डमध्ये पक्का बसला पाहिजे. तो नसेल तर जिन्यात चढताना मागचा भाग खाली झुलतो आणि फळीची कड नडगीवर आदळते. नडगीवर निळे डाग असलेली मुले माझ्याकडे येतात, त्यांचे ते डाग स्कूटरवरून पडल्यामुळे आलेले नसतात, ती उचलल्यामुळे आलेले असतात. खांद्याला अडकवायचा पट्टा सोबत मिळत असेल तर घ्या, नसेल तर जुन्या बॅगेचा पट्टा चालतो. दुकान वरच्या मजल्यावर असेल तर उत्तमच, मुलीला एकदा घडी घेऊन चढू द्या.

उंचीचे माप सोपे आहे. मुलगी फळीवर ताठ उभी राहिली आणि तिने मुठी धरल्या, की कोपरे किंचित वाकलेली असावीत आणि मुठी साधारण बेंबीच्या पातळीला याव्यात. १४६ सेंमी उंचीला हे माप जमिनीपासून ९५ सेंमीच्या आसपास येते. हँडल सर्वांत खाली आणल्यावर ९० सेंमीपर्यंत येणारे आणि वर १०० सेंमीच्या पुढे जाणारे असेल, तर पुढची चार वर्षे चिंता नाही. छातीइतके उंच हँडल देऊन ‘वाढत्या अंगाचे आहे’ असे समजावले जाते. फ्रॉकला ते चालते, स्कूटरला चालत नाही, कारण हात उचललेल्या स्थितीत वळताना ताबा राहत नाही. फळी जमिनीपासून जितकी खाली तितके चांगले, कारण प्रत्येक ढकलण्यात उभा पाय तेवढाच कमी वाकवावा लागतो आणि दीड किलोमीटरमध्ये हे शेकडो वेळा होते. तिला दोन्ही पायांनी आलटून पालटून ढकलायची सवय पहिल्याच आठवड्यात लावा.

पुढच्या स्प्रिंगबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. या किमतीतली स्प्रिंग बोट-दीड बोट दबते. खड्ड्याला ती पुरत नाही आणि सपाट रस्त्यावर ढकलण्याचा जोर खाते. शिवाय तिच्या बुशा झिजल्या की खडखडाट सुरू होतो. तेच पैसे चाकात आणि सांध्यात गेलेले बरे.

ब्रेकचा विचार थोडा बारकाईने करू. साधा ब्रेक म्हणजे मागच्या चाकावरचे मडगार्ड, ते टाचेने दाबायचे. त्याला केबल नाही, बिघडण्यासारखे काही नाही, आणि दाबताना वजन आपोआप मागे जाते, त्यामुळे मूल पुढे फेकले जात नाही. अमळनेरसारख्या सपाट गावाला तो पुरेसा आहे. स्वस्त स्कूटरवरचा हाताचा ब्रेक बहुधा पहिल्या महिन्यात ताणला जातो आणि पुन्हा कोणी आवळत नाही, आणि मग मुलगी अशा ब्रेकच्या भरवशावर उतारावर जाते जो लागतच नाही. हाताचा ब्रेक हवाच असेल तर तो जास्तीचा म्हणून असावा, मडगार्ड काढून टाकून दिलेला नसावा. ताशी १२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३.३ मीटर, समोर कुत्रे आडवे आल्याचे दिसून पाय मडगार्डवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी एका रिक्षाच्या लांबीहून जास्त अंतर सरलेले असते. हे तिला आकड्यांत सांगण्यापेक्षा मोकळ्या मैदानात खडूची रेघ मारून दाखवा.

उन्हाळा आणि पाऊस ही आपल्याकडची वेगळी प्रकरणे आहेत. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा दुपारी डांबर पाझरते, खडी चाकाला चिकटते आणि तापलेला पीयू मऊ पडून लवकर झिजतो. त्याहून वाईट म्हणजे बंद मोटारीत, गच्चीवर किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत दिवसभर ठेवलेली स्कूटर: मुठींचे रबर चिकट होते आणि चाकाचे आवरण आतल्या प्लॅस्टिकच्या गाभ्यापासून सुटू लागते. कडेला बारीक फट दिसली की ते चाक बदलावे, वाट पाहू नये. पावसात ओल्या गुळगुळीत फरशीवर, शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पीयू घसरतो, शिवाय मडगार्डचा ब्रेक ओला झाला की निम्माही लागत नाही. म्हणून पावसाच्या दिवशी स्कूटर घरीच राहील, हे खरेदीच्या आधीच ठरवून टाका.

हेल्मेट सायकलचे किंवा स्केटिंगचे चालते, मात्र ते कपाळावर भुवयांच्या दोन बोटे वर बसले पाहिजे. पायात बंद बूट हवेत, चप्पल नको. ओढणी घट्ट बांधलेली आणि दप्तर दोन्ही खांद्यांवर असावे, कारण एका खांद्यावरचे दप्तर वळणावर झुकते आणि स्कूटरला सोबत नेते. बसस्थानकासमोरचा किंवा मुख्य रहदारीचा तुकडा वाटेत असेल, तर तेवढा भाग उतरून, स्कूटर हाताने ढकलत पायी पार करावा.

ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत संपण्याआधी सांध्याची आणि चाकांची वर सांगितलेली तपासणी करून टाका, आणि तोवर खोके फेकू नका. सुटी चाके, मडगार्ड आणि सांध्याचे बोल्ट स्वतंत्र मिळतात का, हे आधीच विचारा. मिळत नसतील तर हजार रुपये कमी असले तरी ती स्कूटर घेऊ नका. मी स्वतः तर स्कूटरसोबतच एक जादा मागचे चाक घ्यायला सांगतो, कारण ब्रेकमुळे मागचे चाक पुढच्यापेक्षा लवकर झिजते. मधल्या काळात पुढचे मागे आणि मागचे पुढे अशी अदलाबदल केली तर दोन्ही चाके बराच काळ पुरतात.

पहिल्या महिन्यात सांध्याचे, हँडलच्या क्लॅम्पचे आणि दोन्ही एक्सलचे बोल्ट आठवड्यातून एकदा एलन-कीने तपासा, नंतर महिन्यातून एकदा पुरे. ज्या नटाच्या आत प्लॅस्टिकची कडी असते, तो नट चार-पाच वेळा काढला-घातला की त्याची पकड जाते, तेव्हा तो नवा घालावा. तो पाच-दहा रुपयांना मिळतो. बेअरिंगवर वरून तेल टाकू नका, तेलाला काळी धूळ चिकटते आणि आत पेस्ट तयार होते. पाण्याच्या पाइपखाली स्कूटर धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि मडगार्ड व चाक यांच्यामध्ये अडकलेला चिखल वाळण्याआधी काडीने काढून टाका.